सातवीच्या विद्यार्थ्यांनी कथेवर लिहिलेला मतप्रतिपादक निबंध तपासताना सर्वाधिक गुण कशाला द्यावेत?

सर्वाधिक गुण कथेतील पुरावा आणि विद्यार्थ्याचे मत यांना जोडणाऱ्या स्पष्टीकरणाला द्यावेत. शुद्धलेखनाचे गुण वेगळे आणि मोजकेच ठेवावेत. असे निबंध तपासताना मला वारंवार आढळते की, या वयातील मुले योग्य प्रसंग अचूक निवडतात, परंतु त्यावरून आपले मत कसे सिद्ध होते हे सांगण्याऐवजी कथानकच पुन्हा सांगू लागतात. ‘नायिका धाडसी आहे’ असे विधान असेल, तर ती रात्री एकटी निघाली एवढा उल्लेख पुरेसा नाही. तो अविचार नसून धाडसच का, हे विद्यार्थ्याने पटवून द्यायला हवे, आणि शिक्षकाचे स्वतःचे मत वेगळे असले तरी पटणाऱ्या युक्तिवादाला पूर्ण न्याय मिळायलाच हवा. मात्र हे निकष लेखनापूर्वी मुलांना समजावले नसतील, तर या उणिवेबद्दल गुण न कापता निबंध सुधारून पुन्हा लिहिण्याची संधी द्यावी.