इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहून जेन ऑस्टिनच्या 'एमा' कादंबरीतली स्प्रूस बिअर घरी करता येईल का?

करता येईल. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचे शेंडे किंवा अर्क घालून ती करतात. तुम्ही लीड्समध्ये आहात म्हणून सोपंही आहे. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय हा प्रयोग करू नये.

कादंबरीत कृती शोधू नका, ती तिथे नाहीच. नाइटली हे पात्र एल्टन या दुसऱ्या पात्राला स्प्रूस बिअर कशी करतात ते सांगतं, एल्टन लिहून घ्यायला जातो आणि पेन्सिलीचं शिसंच संपतं. ऑस्टिनबाईंच्या घरी मात्र ती खरोखर होत असे. डिसेंबर १८०८ च्या पत्रात पुन्हा स्प्रूस बिअर घातल्याचा उल्लेख आहे.

त्या काळातली छापील कृती हवी तर अमेलिया सिमन्सच्या १७९६ च्या अमेरिकन पाकपुस्तकातली घ्या: ४ औंस हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), १७ गॅलन पाणी, २ गॅलन मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक), ८ औंस स्प्रूसचा अर्क. खालचं माप त्यावरूनच ४ लिटरसाठी काढलं आहे. फक्त मोलॅसिसऐवजी निम्मी साखर घातली आहे, कारण नुसत्या मोलॅसिसची बिअर कडवट आणि जड होते.

ब्लॅक ट्रीकल (मोलॅसिसचाच इंग्लंडात मिळणारा प्रकार) २८० ग्रॅम, डेमेरारा साखर २१० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ६ ग्रॅम, स्प्रूसचे कोवळे शेंडे ३५ ग्रॅम, एल यीस्ट ३ ग्रॅम आणि अर्धा चमचा यीस्ट न्यूट्रिएंट. न्यूट्रिएंट गाळू नका. ट्रीकल आणि साखरेत नायट्रोजन फार कमी, त्यामुळे यीस्ट उपाशी राहून अर्ध्यावरच थांबतं. 'ब्लॅकस्ट्रॅप' लिहिलेलं मोलॅसिस आणू नका. ती जवळपास आपल्या साखर कारखान्यातली मळीच, काकवी नव्हे.

शेंडे मे महिन्यात खुडा, वरचं तपकिरी टोपण नुकतं गळलेलं असताना. झाड नीट ओळखा, इथे चूक चालत नाही. स्प्रूसची सुई चौकोनी असते, चिमटीत सहज फिरते. चर्चच्या आवारात हमखास दिसणाऱ्या यू झाडाची सुई चपटी असते आणि ते झाड विषारी आहे. शंका आली तर बाटलीतला अर्क वापरा, आधी अर्धा चमचाच. स्प्रूस जास्त झाला की ग्लासातून फिनाईलचा वास येतो, आणि मग त्यावर उपाय नाही.

दीड लिटर पाण्यात हॉप्स अर्धा तास उकळा, शेवटची दहा मिनिटं शेंडे घाला. गाळून घ्या, त्यात ट्रीकल, साखर आणि न्यूट्रिएंट विरघळवा, मग उकळून गार केलेलं पाणी घालून ४ लिटर भरा. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायच्या उपकरणावर) १.०४० च्या आसपास यावं. २० अंशांवर आल्यावर यीस्ट घाला. उकळणं झाल्यापासून पुढे बिअरला लागणारं प्रत्येक भांडं निर्जंतुक केलेलं हवं. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) लावून १८ ते २० अंशांत ठेवा.

सर्वांत धोक्याची पायरी बाटल्या भरण्याची. सिमन्सबाई आठवड्यात भरायला सांगतात, वर प्रत्येक बाटलीत एक चमचा मोलॅसिस. तो चमचा मोठा धरला तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत लागते त्याच्या चार-पाच पट साखर पडते. त्यात आतली साखरही पुरती आंबलेली नसते. काच फुटते. म्हणून दोन आठवडे थांबा. हायड्रोमीटरचा आकडा दोन दिवसांच्या अंतराने सारखाच आला (साधारण १.०१०–१.०१४) तरच भरा. अर्ध्या लिटरला ३ ग्रॅम साखर पुरे. पहिल्या खेपेला प्लॅस्टिकच्या सोडा-बाटल्याच घ्या. दाबून कडक लागली की वायू झाला, मग फ्रिजमध्ये.

मद्यार्क चार टक्क्यांच्या आसपास येईल. पहिले काही दिवस चव उग्र असते, राळेचा चटका जिभेवर राहतो. तीन आठवडे गेले की ट्रीकलची करपट गोडी मागे सरते आणि लिंबाच्या सालीसारखा स्प्रूसचा वास वर येतो. उघडायची ती तेव्हा.