पावागड-चांपानेर एका दिवसात

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याला राहतो. गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना घेऊन पावागड आणि चांपानेर एका दिवसात नीट पाहून होतील का?

उत्तर : अंतर सुमारे 50 किलोमीटरच असल्यामुळे होतील, मात्र पहाटे निघावे आणि नवरात्र टाळावे. पावागडाच्या डोंगरावर मध्यावर असलेल्या माची या ठिकाणापर्यंत एसटीने जाऊन पुढे रोपवे घेतला, तरी कालिकामातेच्या मंदिरापर्यंत पायऱ्या उरतातच, हे सासूबाईंना आधीच सांगितलेले बरे. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने 1484 मध्ये गड जिंकून पायथ्याशी नव्याने वसवलेले चांपानेर 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील जामी मशिदीत घाई करू नये, घुमटाखाली उभे राहून वरचे दगडी कोरीवकाम सावकाश न्याहाळावे. लकुलीशाचे (शिवाचा अवतार मानलेल्या आचार्याचे) जुने मंदिर गडावरच असूनही बहुतेक भाविक (का कोण जाणे!) ते न पाहताच परततात.