फोंड्यात घरी बसून लॅपटॉपवर गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ट्यून करायला, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलायला, शिकता येईल का?

येईल, पण ईसीयूत काही लिहिण्याआधी त्यातलं वाचायला शिका. स्वस्त ईएलएम३२७ अडॅप्टर ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावून अनमोड घाटाच्या चढावर फ्युएल ट्रिम (इंधनाच्या प्रमाणात ईसीयू करतो ती दुरुस्ती), इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), तापमान यांचे लॉग, म्हणजे नोंदी, घ्या (लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर!). मग ईसीयूतली मूळ फाइल ट्यूनरप्रो या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तुमच्या ईसीयूची एक्सडीएफ फाइल (कोणता आकडा कशाचा हे सांगणारी) नसेल तर नुसते आकडे दिसतील, तक्ते नाहीत. गॅरेजात हेच काम करतो म्हणून सांगतो, खरी भीती बदललेली फाइल ईसीयूत चढवतानाची: मध्येच व्होल्टेज पडला तर ईसीयू निकामी होऊ शकतो. बॅटरीला सपोर्ट चार्जर (व्होल्टेज टिकवून धरणारा) लावाच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरही हवा. वॉरंटीतल्या गाडीवर मात्र हे प्रयोग नकोत.