आठवण आली म्हणून पोरगा कच्चा ठरत नाही

प्रश्न : मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता सोलापुरात असतो. मुलगा बारावीत आहे. त्याला भरतीच्या निवासी अकॅडमीत घातलं, तर दोनदा पळून घरी आला. रात्री झोप लागत नाही, आईची आठवण येते म्हणतो. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी मी दहा महिने राजस्थानात तंबूत काढले. थोरलीचा जन्म मला पत्रानं कळला, तरी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. हा घरकोंबडा कणखर कसा होईल?

उत्तर : हवालदारसाहेब, नमस्कार. सैन्यात जायचं हे मुलानं ठरवलं की तुम्ही, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. त्याला काय आवडतं, याची एक ओळही नाही. थोरलीच्या जन्माची गोष्ट मात्र आहे, आणि मी तिथंच अडकले.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, फौजा पाकिस्तानच्या सीमेवर गेल्या आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथंच राहिल्या. आज युद्ध होईल, उद्या होईल म्हणत दहा महिने. हाताला काम असलं की माणूस निभावून नेतो. नुसतं वाट बघत बसायचं असतं तेव्हा घर खायला उठतं. लंगरची रांग, पहाऱ्याची पाळी आणि डाक आली की आपलं नाव पुकारतात का, तिकडे लागलेले कान. त्या जानेवारीत इकडे सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले, गड्ड्याची जत्रा भरली, तेव्हा वाळूत बसून तुम्हाला सोलापूर आठवलं नाही, असं मला सांगू नका. रडला नसाल. पण इतक्या वर्षांनी मुलाची तक्रार लिहितानाही ते पत्र तुम्हाला आठवलंच ना?

घर आठवणारा मुलगा फौजेत टिकत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा. त्यांचे उतारे लंडनमध्ये आजही जपलेले आहेत. शेती, गुरंढोरं, घरची खुशाली, आणि काही पत्रांत तर 'आता आपल्यातल्या कुणाला भरतीला पाठवू नका' अशी विनवणी. हीच माणसं खंदकात उभी राहिली. फौजेला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिचं स्वतःचं डाकखातं आहे. 'केअर ऑफ ५६ एपीओ' हा फौजी डाकघराचा पत्ता तुमच्या घरात आजही पाठ असेल. मराठा पलटणीत गणपती बसतो तोही उगाच नाही. आठवण दाबून टाकणाऱ्यापेक्षा शेजारच्या बिस्तऱ्यावरच्या दोस्ताला सांगून मोकळा होणारा जवान मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक. तुमच्या काळची नोकरी आणि त्याच्या पुढ्यात असलेली नोकरी एक नाही. तुम्हाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा होती. आता चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीराला सगळी मिळून ३०. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात. बाकीची सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन परत येतात, पेन्शन नाही. हा हिशोब मुलाला नीट मांडून दाखवलात का?

त्याला मारून मुटकून अकॅडमीत ठेवू नका. दोन्ही वेळा पळून तो घरीच आला, भलतीकडे गेला नाही, हे तुमचं नशीब. तिथं कुणी मारतं का, छळतं का, हे आधी शांतपणे विचारा. झोप अजूनही लागत नसेल, जेवण तुटलं असेल तर डॉक्टरांकडे न्या. आणि 'घरकोंबडा' हा शब्द घरात पुन्हा काढू नका. सतराव्या वर्षी बापाच्या तोंडून ऐकलेलं पोरं विसरत नाहीत.

परीक्षांचं म्हणाल तर अधिकारी घडवणाऱ्या एनडीएला यूपीएससीची लेखी आणि मग एसएसबीची, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची मुलाखत, अग्निवीरला आधी ऑनलाइन लेखी आणि मग मैदान. दोन्हीची तयारी घरी राहून, सकाळी पार्क मैदानावर पळूनही होते. पण आधी बारावी होऊ द्या. तोवर एखाद्या संध्याकाळी त्याला पराक्रमचे दहा महिने सांगा, शौर्याचे नव्हे, रात्रीचे. मग त्याला काय व्हायचंय ते विचारा, आणि उत्तर 'फौज नाही' असं आलं तर ते ऐकून घ्या.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.