पहिलं बाळ ३२ व्या आठवड्यात झालं, आता पुन्हा भीती वाटते

प्रश्न : माझा पहिला मुलगा ३२ व्या आठवड्यातच झाला. बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. आता पुन्हा दिवस गेलेत, सोळावा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात, खाटेवरून उतरूच नकोस. डॉक्टरांनी ‘आतून’ सोनोग्राफी सांगितली आहे, तिची धास्ती वाटते. बाळ लवकर येणार हे आधी कळतं का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : अगदी नेमकं नाही कळत, पण धोका किती आहे याचा अंदाज घेता येतो. आधी मला सांग, मागच्या वेळी कळा आपोआप सुरू झाल्या होत्या, की बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी बाळंतपण लवकर उरकलं? बीपीचं कारण असेल तर या खेपेला लक्ष बीपीवर ठेवायचं. कळा आपोआप आल्या असतील, तर ती सोनोग्राफी अजिबात टाळू नकोस.

ती १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. लघवी करून यायचं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशयाचं तोंड दाबलं जाऊन असतं त्यापेक्षा लांब दिसतं. बारीक नळीसारखा प्रोब आत ठेवून ती लांबी मोजतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बाळाला इजा होत नाही आणि गर्भपातही होत नाही. लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर धोका जास्त. मग प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या योनीत ठेवायच्या गोळ्या देतात किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालतात. धोका वेळेत कळला तर करण्यासारखं असतं, म्हणून मी एवढा आग्रह धरते. लांबी चांगली भरली तरी तपासण्या चालूच ठेव.

लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणीही करून घे. जळजळ नसतानाही जंतू असू शकतात, आणि ते धोका वाढवतात. तंबाखूची मशेरी लावत असशील तर आजच बंद कर.

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण नुसतं पडून राहिल्याने बाळ पोटात जास्त दिवस राहतं असं दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते. घरातली हलकी कामं कर, चाल. जड कळशी मात्र दुसऱ्या कुणीतरी उचलू दे.

आता सर्वांत महत्त्वाचं. ३७ आठवड्यांच्या आत पोट थोड्या थोड्या वेळाने दगडासारखं कडक होऊ लागलं, कंबर भरून आली, ओटीपोटात जडपणा वाटला, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नकोस. लगेच १०८ ला फोन कर. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं, पण त्याचा पुरेपूर गुण यायला साधारण २४ तास लागतात. वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंतचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ताही जवळचा नाही. गाडीची सोय आणि मोठ्या मुलाला कुणाकडे ठेवायचं, हे आत्ताच ठरवून ठेव.