इंटिरिअरच्या पोर्टफोलिओत कॉलेजचे कोणते प्रकल्प ठेवावेत? रेंडर कमी आणि मापांची ड्रॉइंग जास्त असतील तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की इंटिरिअर आणि एन्व्हायर्नमेंटल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहात, सात प्रकल्प झालेत, रेंडर (संगणकावर केलेली खऱ्यासारखी चित्रं) त्यातल्या दोनच प्रकल्पांचे बरे आहेत. शिवाय तुमच्या एका सरांनी सांगितलंय की मापांच्या शीट पोर्टफोलिओत घालू नका, ते साइटवरच्या माणसांचं काम. ते वाक्य वाचलं आणि झोप गेली, म्हणून आत्ता लिहायला बसलेय.

चालेल. ठेवा. पहिल्या पानावर ठेवा.

मी सुताराची मुलगी आहे. डोंबिवलीत बाबांचं छोटं वर्कशॉप होतं. सूत म्हणजे किती हे मला शाळेतल्या सेंटिमीटरच्या आधी कळलं होतं (आठ सूत म्हणजे एक इंच, आणि कॉलेजची पाच वर्षं काढूनही हे माहीत नसलेली मुलं माझ्याकडे मुलाखतीला येतात). मुंबईतल्या एका डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी त्यांची पाच मीटरची टेप मला दिली आणि स्वतःसाठी नवी घेतली.

तिसऱ्या वर्षाला विषय आला ‘लहान घर’. जागा आपली आपण शोधायची होती. माझी आत्या डिलाइल रोडला बीडीडी चाळीत राहायची. १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून मजल्यावर वीस खोल्या, संडास सगळ्यांचे मिळून. खोली साधारण १६० चौरस फुटांची. आत माणसं सहा: आत्या, तिचे मिस्टर, दोन मुलगे, सासूबाई आणि रात्रपाळीला जाणारा धाकटा दीर.

वर्गातल्या बहुतेकांनी जागेवर एक चक्कर मारली, मोबाइलवर फोटो काढले आणि थेट स्केचअप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं. मी तीन दिवस आत्याकडे राहिले. बाबांनी शिकवलं होतं तसं प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजली, जमिनीशी, कमरेशी आणि डोक्याच्या वर. कपाट बसवायचं तर त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं असतं. दोन्ही कर्ण मोजले, त्यांत पावणेदोन इंचांचा फरक निघाला, म्हणजे खोली गुण्यात नव्हती, कोपरे काटकोनात नव्हते. मग घरातल्या माणसांची चोवीस तासांची नोंद केली. दीर सकाळी नऊला येऊन झोपायचा ते तीनपर्यंत, त्यामुळे त्या वेळात खोलीचा एक कोपरा अंधारा लागायचा. मुलगे रात्री पॅसेजमध्ये चटई टाकायचे. आजींना जमिनीवरून उठायला त्रास व्हायचा, म्हणून त्या दिवसभर लोखंडी कॉटवरच, आणि मग ती कॉट बाकी कुणाच्याच कामाची नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र हवेची होती. खिडकी एका टोकाला, पश्चिमेला. दार दुसऱ्या टोकाला, पॅसेजमध्ये उघडणारं. मी उदबत्ती लावून खोलीच्या मध्यावर धरायचे आणि धूर कुठे जातो ते बघायचे, दिवसातून सहा वेळा. दार उघडं असलं की समुद्राकडचा वारा खिडकीतून येऊन धूर सरळ पॅसेजमध्ये न्यायचा. दार लावलं की धूर जागच्या जागी उभा. रात्री दार लावावंच लागायचं आणि दीर कामावर गेला तरी पाच माणसं (मुलगे बाहेर झोपले तर तीन) घामाने भिजत पडायची. दाराच्या वर एक जुनी चौकट होती, पॅसेजमधल्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तीत कुणीतरी कधीकाळी फळी ठोकलेली.

माझं डिझाइन त्या चौकटीपासून सुरू झालं. फळी काढायची आणि तिथे तिरक्या पट्ट्यांची झडप बसवायची. ३ इंची पट्टी ४५ अंशांत बसवली की तिची उभी उंची दोन इंचांच्या किंचित वर भरते. म्हणून पट्ट्या पावणेदोन इंचांवर ठेवल्या, म्हणजे हवा जाते पण समोरून आरपार दिसत नाही, उजेडही थेट येत नाही. आजींसाठी १८ इंच उंचीचा लाकडी बैठा ओटा, पोटात सामान. दिराच्या कोपऱ्याला जाड पडदा, वर फळी. एवढंच. १:१०चं मॉडेल बाबांनी आणि मी मिळून खऱ्या प्लायच्या तुकड्यांत केलं. ते इतकं जड झालं की ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या, दिवशी बाबा टेम्पोतून घेऊन आले, तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि दाराशी उभे राहिले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीट पाहिल्या. विचारलं, ‘कन्सेप्ट काय?’ मी उदबत्तीचं सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. म्हणाले, ‘हे सुतारकाम झालं. डिझाइन कुठंय?’

बाबा दाराशीच होते.

परतताना टेम्पोत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कळवा नाका आला तेव्हा म्हणाले, ‘ओट्याला १९ एमएमचं प्लाय घेतलंस, वरच्या फळीला १२चं चाललं असतं.’ बास. त्या दिवसाबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

सगळ्यात जास्त मार्क ओरिगामी कन्सेप्टला मिळाले. त्यात पलंग भिंतीत दुमडायचा, टेबल पलंगात दुमडायचं, रेंडर खरोखर देखणे होते. पण १९ एमएम प्लायची ८ बाय ४ची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते. त्यातून ६ बाय ३चा पलंग कापा, फ्रेम लावा, वर गादी घाला आणि सांगा, सत्तरीच्या बाईने तो दिवसातून दोनदा कसा उचलायचा? हा प्रश्न ज्युरीत कुणी विचारला नाही. मी तेव्हा विचारायला हवा होता. आता विचारतेय.

आणि सुतारकाम म्हणजे डिझाइनच्या खालची पायरी, हे कुठून आलं? त्याच ज्युरीत वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचं नाव चारदा तरी घेतलं गेलं होतं. दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात. आजोबांच्या कारखान्यात लाकूड बघत मोठे झाले. २०१८मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना आखलेला प्लॉट, जोतं, पाणी आणि संडासाची सोय दिली; बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं होतं. अशा कामात कन्सेप्ट नावाचं वेगळं पान कुठे लावायचं? जोत्याचं माप आणि पाण्याच्या पाइपाची जागा, विचार तिथेच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आज ठाण्यात माझं छोटं ऑफिस आहे आणि वर्षाला तीसेक पोर्टफोलिओ तरी माझ्या टेबलावर येतात. रेंडर मी शेवटी बघते. आधी बघते की मोजणीची शीट आहे का, तिच्यात कर्ण आहेत का, बीमच्या खालची उंची लिहिलीय का. मग एखादं तरी जॉइंटचं डिटेल. १८ एमएम प्लायला दोन्हीकडून लॅमिनेट लागल्यावर जाडी वीसच्या घरात जाते, हे ज्याच्या कपाटाच्या ड्रॉइंगमध्ये दिसतं त्याला मी लगेच बोलावते. माणसांची मापं कुठून घेतली तेही विचारते. परदेशी पुस्तकांतल्या आकृत्यांवरून ओट्याची उंची काढणारे अजून आहेत, आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने भारतीय शरीरमापांचं पुस्तक १९९७मध्ये काढलंय.

तुमच्या विषयात एन्व्हायर्नमेंटल हा शब्द आहे म्हणून एक आणखी. सूर्याच्या मार्गाची आकृती प्रत्येक शीटवर असते, पिवळा बाण आणि ‘नॉर्थ लाइट’ असं लिहिलेलं, म्हणजे उत्तरेकडून थेट ऊन न येता नुसता उजेड येतो असं गृहीत धरलेलं. मुंबई १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत इथे भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीत ऊन थेट येतं. ते तुमच्या सेक्शनमध्ये (खोलीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) दिसत नसेल तर बाण पुसून टाका.

त्या परीक्षकांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, तो सांगायला हवा: ‘फोडणीचा धूर कुठे जाणार?’ मी तेव्हा इतकी चिडलेले होते की उत्तरच दिलं नाही. प्रश्न बरोबर होता. स्वयंपाकाचा ओटा खिडकीखाली होता आणि मी उदबत्ती खोलीच्या मध्यावर धरली होती, ओट्यापाशी एकदाही नाही. त्या दिवाळीत बाबांनी आत्याकडे खरोखर झडप बसवून दिली. रात्रीची झोप सुधारली, पण दुपारच्या फोडणीचा धूर दिराच्या अंथरुणावरून जाऊन पॅसेजमध्ये शेजारणीच्या दारात. शेवटी खिडकीत छोटा एक्झॉस्ट पंखा लावला आणि स्वयंपाकाच्या वेळी झडप बंद करता यावी म्हणून आतून एक पाट बिजागरीवर बसवला. माझ्या पोर्टफोलिओत हा दुसरा भागही आहे, तारखेसकट. मला पहिली नोकरी त्या पानावर मिळाली. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा बाबांनी स्क्रू काढून झडप घरी आणली. आत्याला आता ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे.

हेही खरं की सगळी ऑफिसं माझ्यासारखी नाहीत. मोठ्या फर्ममध्ये किंवा प्रदर्शनं, सेट, दुकानांची सजावट करणाऱ्यांकडे जायचं असेल तर रेंडर बघूनच बोलावतात, तिथे माझा सल्ला जसाच्या तसा चालणार नाही. ते दोन बरे रेंडर ठेवा. ओरिगामीवाली मैत्रीण आज प्रदर्शनांचं उत्तम काम करते.

सातपैकी तीन प्रकल्प ठेवा, चौथा नको. तुम्ही म्हणता त्या वाचनालयाच्या प्रकल्पात खरी मोजणी आहे, तो पहिला. प्रत्येक ड्रॉइंगवर स्केल लिहा, प्रिंट ए-३वर काढा आणि प्रिंट काढल्यावर स्केलपट्टी लावून एकदा तपासा, कारण ‘फिट टू पेज’ने १:५०चं भलतंच काहीतरी होतं. मोजणीचे हाताने लिहिलेले कच्चे कागद असतील तर तेही स्कॅन करून लावा, डाग पडलेले असले तरी.