फोटोपुरता मास्क काढला, दंड स्टुडिओला बसला

(जानेवारी २०२२ मधली प्रश्नोत्तरं; यातले कोविडचे नियम, दंड आणि कलमं त्या वेळची आहेत.)

प्रश्न : वकीलसाहेब, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळचा. १८ जानेवारीला एक कुटुंब मुलीचा स्थळासाठी फोटो काढायला आलं. मुलगी स्टुलावर बसलेली, अर्थातच मास्क काढून. तेवढ्यात दंडाचं पथक आत शिरलं. मुलगी, तिची आई (मास्क हनुवटीवर) आणि भाऊ (तोंडाला रुमाल) या तिघांना पाचशे-पाचशे आणि मला १०,००० रुपये दंड केला. 'पुन्हा दिसलं तर सील करू' म्हणाले. मुलीच्या वडिलांनी त्यांचे १,५०० रुपये माझ्या बिलातून कापले. मास्क लावून फोटो काढायचा तरी कसा? दुसरं म्हणजे, १६ तारखेला रविवारी फोटो काढून गेलेल्या एका ताईंना सोमवारी रात्री ताप आला, बुधवारी रिपोर्ट पॉझिटिव्ह. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : 'लागण तुमच्या स्टुडिओत झाली, १५ दिवसांत ६०,००० द्या.' माझा भाचा स्टुडिओत मदतीला असतो, त्याने चिडून गावच्या ग्रुपवर ताईंचं नाव घालून 'हिनेच आमच्याकडे कोरोना आणला' असं टाकलं. त्याचा एकच डोस झालाय. यापुढे ग्राहकाकडून 'काही झाल्यास स्टुडिओ जबाबदार नाही' असं लिहून घेऊ का? फेब्रुवारीतल्या लग्नाचा ११,००० ॲडव्हान्सही परत मागताहेत. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, त्याला तर अडचण येणार नाही ना?

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण झोप त्यानेच उडवली असणार. मुलाला काहीही होत नाही. पथकाची दंडाची पावती म्हणजे कोर्टाची शिक्षा नव्हे, आणि बापाच्या दुकानाला झालेला दंड मुलाच्या चारित्र्य पडताळणीत येत नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही. भारतीय दंड विधानाच्या १८८ कलमाखाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, खटला चालवायचा तर संबंधित अधिकाऱ्याने स्वतः कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते. तसं काही घडलेलं नाही.

आता दंड. तुम्ही ज्यात सापडलात तो राज्य सरकारचा २७ नोव्हेंबर २०२१ चा आदेश. त्यात लिहिलंय की नाक-तोंड झाकणारा मास्क कायम लावायचा, शक्य तिथे सहा फुटांचं अंतर ठेवायचं, आणि रुमालाला मास्क समजलं जाणार नाही. ही रुमालाची ओळ लोकांना खरी वाटत नाही, पण ती आहे. मास्क नसलेल्या माणसाला ५०० रुपये दंड, आणि ग्राहकांकडून नियम पाळून घेतले नाहीत म्हणून दुकानाला १०,०००. म्हणजे आकडा पथकाने मनाने लावलेला नाही. पुन्हा पुन्हा तेच सापडलं तर दुकान बंद करता येतं, हेही त्याच आदेशात आहे. 'सील' हा शब्द त्यांनी तिथूनच उचललाय.

पण दंड नेमका कशाबद्दल झाला? तुम्हाला वाटतं, स्टुलावरच्या मुलीचा चेहरा उघडा होता म्हणून. मला वाटतं, तुमची खरी अडचण स्टुलावर नव्हती, ती पडद्याला टेकून उभी होती. आईचा मास्क हनुवटीवर आणि भावाच्या तोंडाला रुमाल. या दोघांसाठी माझ्याकडे कुठलाच बचाव नाही. त्यांचा फोटो निघत नव्हता. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं असतं तर आज तुम्ही मला फक्त मुलीबद्दल लिहिलं असतं, आणि तिच्याबद्दल बोलायला आपल्याकडे बरंच काही आहे.

ते असं. हे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधाराने निघतात. आपत्ती कायद्याच्या ५१ व्या कलमात आदेश न पाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, पण कलमाची सुरुवातच 'वाजवी कारणाशिवाय' या शब्दांनी होते. फोटोसाठी अर्धा मिनिट मास्क उतरवणं हे वाजवी कारण का नसावं? दहावी-बारावीचा परीक्षेचा फॉर्म, पासपोर्ट, लायसन, नोकरीचा अर्ज, या सगळ्यांना चेहरा पूर्ण दिसणारा फोटो लागतो आणि तो मागणारं सरकारच असतं. उघडा चेहरा मागायचा आणि तो टिपणाऱ्यालाच दंड करायचा, हे कोर्टात टिकवून दाखवणं सोपं नाही.

पलीकडचा वकील काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. ९ जानेवारीला ब्यूटी सलूनना ५० टक्के क्षमतेने परवानगी देताना सरकारने अट घातली की मास्क काढावा लागणार नाही अशीच कामं करायची. म्हणजे मास्क काढावा लागणारे धंदे सरकारच्या डोळ्यांसमोर होते आणि तरीही सूट दिली नाही, असा युक्तिवाद होईल. तुमच्या धंद्यासाठी त्या आदेशात वेगळा रकाना नाही, तुम्ही साध्या दुकानात मोडता, एवढंच आपलं उत्तर. फॉर्मच्या फोटोला हे उत्तर पुरेल. स्थळाच्या फोटोला ते थोडं लंगडं पडतं, कारण संक्रांत सरली की स्थळं सुरू होतात हे खरं असलं, तरी तो फोटो महिनाभर थांबू शकतो असं कुणीही म्हणेल.

दंडाविरुद्ध दिवाणी कोर्टात जाऊ नका. आपत्ती कायद्याच्या ७१ व्या कलमाने तो रस्ता बंद केलाय. दाद मागायची तर उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठात. १०,००० च्या दंडासाठी औरंगाबादच्या चकरा कुणी सांगितल्या तर त्याच्या फीचा आकडा आधी विचारा. त्याऐवजी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. भाषा नरम ठेवा. साधारण असं लिहा : 'दि. १८ रोजीचा दंड हरकत राखून भरला आहे. ओळखपत्र व अर्जांसाठी लागणारे फोटो काढताना ग्राहकाला केवळ छायाचित्र टिपताना मास्क उतरवावा लागतो. त्या वेळी खोलीत ग्राहक व छायाचित्रकार याखेरीज कोणी नसते. याबाबत लेखी मार्गदर्शन मिळावे व दंडाचा फेरविचार व्हावा.' पोच घ्या. दंड परत मिळेल असं मी सांगणार नाही. पण पुढच्या वेळी पथक दारात आलं तर पोच मारलेला हा कागद दाखवता येईल, आणि 'पुन्हा पुन्हा मुद्दाम नियम मोडणारा' हा शिक्का तुमच्यावर बसणार नाही. पावतीवर आदेशाचा क्रमांक नसेल, नुसतं 'कोविड दंड' असं लिहिलेलं असेल, तर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा की दंड कोणत्या आदेशाखाली आणि कोणत्या अधिकाऱ्याने केला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

'खोलीत कोणी नसते' हे अर्जात लिहिलंत की ते खरं करावं लागेल. माझा पासपोर्टचा फोटो ज्या स्टुडिओत निघाला तिथे खुंटीला एक काळा कोट होता, त्याला शिवलेला टाय, आरशाखाली पावडरचा डबा आणि अर्ध्या गावाच्या तेलाने चमकणारा कंगवा. तुमच्याकडेही असणार. तो कोट उतरवून कपाटात ठेवा. ज्याला हवा त्याने आपला आणावा, कंगवाही. हनुवटीला बोट लावून मान फिरवायची तुम्हा लोकांची सवय असते, तीही सोडा. 'जरा डावीकडे, दादा' तोंडाने सांगा. लाइट आणि फोकस ग्राहकाचा मास्क चेहऱ्यावर असतानाच लावून घ्या, मास्क उतरला की दोन-तीन क्लिक आणि लगेच वर. ८५ मिमीची, थोडं लांबून चेहरा टिपणारी लेन्स असेल तर सहा फूट अंतर आपोआप राहतं. तुमचा स्वतःचा मास्क एकदाही खाली येता कामा नये. काळा पडदा बाजूला बांधून टाका, दार उघडं, एक्झॉस्ट चालू, एसी बंद. जानेवारीत हे सांगायला माझं काय जातंय. मे महिन्यात ४५ अंशांत मी हेच बोललो असतो तर तुम्ही मला आत बसवून दार लावलं असतं. फोन करून वेळ द्या, दोन ग्राहकांत दहा-पंधरा मिनिटं सोडा, सोबत आलेले बाहेर. चाळीसगावच्या केकी मूस यांनी कित्येक वर्षं घराचा उंबरठा न ओलांडता जगाने पाहावे असे फोटो काढले, पण ती चैन त्यांची. आपल्याला गिऱ्हाईक आत घ्यावंच लागतं.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, नाव, फोन, 'दोन डोसचं प्रमाणपत्र पाहिलं' आणि सही. नोव्हेंबरच्या त्याच आदेशानुसार दुकानात येणाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत. अठरा वर्षांखालच्यांना त्यातून सूट आहे, दहावीच्या पोराचं शाळेचं ओळखपत्र पाहिलं की झालं. प्रमाणपत्र नुसतं पाहा, आधारच्या झेरॉक्स गोळा करत बसू नका. उद्या त्या हरवल्या तर ती वेगळीच डोकेदुखी.

नोटीस गंभीरपणे घ्या, पण घाबरू नका. रविवारी फोटो, सोमवारी रात्री ताप. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते चौदा दिवस लागतात. तुमच्याकडून घरी गेल्यावर एका दिवसात ताप येणं अगदीच घाईचं झालं. ताई आल्या तेव्हाच आजार अंगात असण्याचा संभव जास्त. शिवाय निष्काळजीपणा होता आणि त्यातूनच लागण झाली, या दोन्ही गोष्टी दावा करणाऱ्याने सिद्ध करायच्या असतात. संक्रांतीचा आठवडा होता. हळदीकुंकू, वाण, बाजार, बस, सगळं त्यांना वगळून दाखवावं लागेल. मात्र 'कोण जातंय कोर्टात' असं म्हणून नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. पाच लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कुणीही सहज दाखल करू शकतं.

उत्तर वकिलामार्फत, पंधरा दिवसांच्या आत आणि एका पानात द्या. त्या दिवशीची त्यांची वेळ, खोलीत कोण होतं, तुम्ही मास्कमध्ये होतात, एवढंच त्यात असावं आणि शेवटी मागणी अमान्य. हळदीकुंकवावरून टोमणा मारायचा मोह आवरा. तब्येतीची चौकशी करणारी एक ओळ लिहिली तर तिला कबुली म्हणत नाहीत. पण 'माणुसकी म्हणून' पाच-दहा हजार देऊन मिटवायचं मनात असेल तर आधी वकिलाशी बोला. लिहून न घेता दिलेले पैसे उद्या 'चूक मान्य केली' म्हणून तुमच्याच समोर येतील. स्टुडिओत सीसीटीव्ही असेल तर १६ आणि १८ तारखेचं रेकॉर्डिंग आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या; जुन्यावर नवं चढत जातं.

'स्टुडिओ जबाबदार नाही' असं लिहून घेण्यात अर्थ नाही. सरकारी आदेशातून सुटका ग्राहकाच्या सहीने होत नाही, आणि तुमचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ग्राहक आयोग असल्या कागदाकडे ढुंकून पाहत नाही. उलट, धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं याचा तो पुरावा ठरेल. कामाची आहे ती वर सांगितलेली वही.

मुलीच्या वडिलांनी कापलेले १,५०० सोडून द्या. कायद्याने दंड ज्याचा त्याने भरायचा, पण स्थळाचा फोटो चांगला आला तर लग्नाचं काम तुमच्याकडेच येईल, हा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा बरा कळतो.

लग्नाच्या ॲडव्हान्सचं थोडक्यात सांगतो. ८ जानेवारीच्या आदेशात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आहे, लग्नावर बंदी नाही. त्यामुळे करार आपोआप रद्द होत नाही. लेखी अटी नसतील तर पूर्ण ११,००० दाबून ठेवण्याचा हट्ट धरू नका. अल्बमची ऑर्डर, ठरवलेल्या व्हिडिओग्राफरला दिलेलं बयाणं, असा खरोखर झालेला खर्च कापून बाकीचे परत करा, किंवा तारीख पुढे ढकलणार असतील तर तेच पैसे तिकडे लावा. दोन्हींपैकी काहीही ठरलं तरी मेसेजवर लिहून घ्या.

राहिला भाचा, आणि तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच. एकच डोस झालेला माणूस स्टुडिओत काम करतोय. दुकानात काम करणाऱ्याचे दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेले हवेत, आणि इथे चूक ग्राहकाची नाही, तुमची स्वतःची. आस्थापनेने स्वतःच नियम मोडला तर नोव्हेंबरच्या त्या आदेशात दर वेळी ५०,००० रुपये दंड आहे. पथकाने त्या दिवशी त्याचं प्रमाणपत्र मागितलं नाही, हे तुमचं नशीब. कोविशील्ड असेल आणि ८४ दिवस झाले असतील तर उद्या सकाळी त्याला लसीकरण केंद्रावर पाठवा, आणि त्यानंतर चौदा दिवस होईपर्यंत दुकानात येऊ देऊ नका. त्या ताई पॉझिटिव्ह आल्या म्हणून तुम्हा दोघांची टेस्टही करून रिपोर्ट जपून ठेवा.

ग्रुपवरची पोस्ट मात्र उद्यावर टाकू नका. आजारी माणसाचं नाव घेऊन 'हिनेच कोरोना आणला' असं लिहिणं हा अब्रुनुकसानीचा सरळ विषय आहे, भारतीय दंड विधानाची कलमं ४९९ आणि ५००. आज त्यांच्या हातात तुमच्याविरुद्ध फारसं काही नाही. ही पोस्ट राहिली तर ते पहिल्यांदा तिचाच स्क्रीनशॉट काढतील. कदाचित काढलाही असेल. तरीही डिलीट करायला लावा, त्याच ग्रुपवर 'माहिती नसताना लिहिलं, माफ करा' एवढं त्याच्याकडून टाकून घ्या, आणि मग नोटिशीच्या उत्तराला बसा.